इंजिन ‘गेलंय’ म्हणजे नेमकं काय गेलंय?

सांगलीच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. त्यांच्या वडिलांची, अण्णांची, १९७१ सालची फियाट ११०० डिलाइट घरामागच्या शेडमध्ये उभी आहे. २०१८ पर्यंत अण्णा स्वतः चालवायचे, दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जायचे. २०१९ च्या पुरात शेडमध्ये अर्धं चाक बुडेल इतकं पाणी शिरलं, आणि त्यानंतर गाडी हलली नाही. तीन वर्षांपूर्वी अण्णा गेले. आता ताईंनी ओळखीच्या मिस्त्रींकडून इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवून घेतलं. दोन सिलिंडरांत गंज, एक पिस्टन जाम, हेडला पाण्याच्या भोकांभोवती खड्डे. मिस्त्रींनी निकाल दिला, ‘ब्लॉक गेला, इंजिन गेलंय.’ ब्लॉक म्हणजे ज्यात सिलिंडर असतात तो इंजिनाचा ओतीव ठोकळा. जुनंच दुरुस्त करायचं तर खर्च सव्वा लाखाच्या घरात, वर गॅरंटी नाही. भंगार बाजारातलं पद्मिनीचं, म्हणजे याच फियाटच्या पुढच्या अवताराचं, ‘चालू’ इंजिन मात्र पस्तीस हजारांत बसवून मिळेल. पुण्याचा भाऊ म्हणतो, विकून टाक. आई म्हणते, काहीतरी एक करा आणि शेड मोकळी करा. ताईंचं म्हणणं असं: ‘इंजिन बदललं तर ती अण्णांची गाडी राहणार नाही. मूळ भाग वाचवावेत असं वाटतं, पण हा निव्वळ भावनेचा हट्ट तर नाही?’ पत्राच्या शेवटी त्यांनी अण्णांच्या गाडीच्या वहीतली दोन-तीन टिपणं उतरवली आहेत. आणि जाता जाता एक तक्रारही: मिस्त्री सगळं बोलतात ते ताईंच्या यजमानांशी, ज्यांना स्टेपनी बदलता येत नाही.

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुमच्यासारखंच माझंही मन इंजिनात अडकलं. दुसऱ्यांदा वाचताना वहीतल्या एका ओळीवर थांबलो. तुम्ही ती ओळ उतरवलीत, पण बहुतेक तिच्याकडे नीट पाहिलं नाहीत. अण्णांनी लिहिलंय: ‘मे १९८६. कोल्हापूर, उद्यमनगर. चारही स्लीव्ह, पिस्टन, रिंगा नवीन. क्रँक तपासला, ठीक.’

आता सांगा, तुम्हाला गंज दिसला तो कशावर? ब्लॉकवर नाही. तो १९८६ साली ठोकलेल्या स्लीव्हवर आहे.

फियाट ११०० च्या ब्लॉकात कारखान्यातून स्लीव्ह येत नसे. बिडाच्या ओतीव ब्लॉकातच चार बोअर, म्हणजे पिस्टन वरखाली होतात ती सिलिंडरची भोकं, कापलेले असत, प्रत्येकी ६८ मिमी. घासून घासून बोअर मोठा झाला की आधी थोडा जास्त कापून ओव्हरसाइझ पिस्टन टाकायचा. तेही पुरून झालं की बोअर आणखी मोठा कापून त्यात बिडाची नळी, म्हणजे स्लीव्ह, दाबून बसवायची आणि परत ६८ वर यायचं. अण्णांनी हेच करून घेतलं. म्हणजे आज गंजलेली स्लीव्ह काढून टाकता येते, नवी बसवता येते, आणि ब्लॉकाच्या मूळ धातूला जवळपास हात न लावता बोअर पुन्हा स्टँडर्ड मापाचा होतो. ब्लॉकाला तडा नसेल, तर ‘ब्लॉक गेला’ हे वाक्य मला मान्य नाही.

आणि दुसरं, जरा नाजूक. ज्यांना तुम्ही मूळ भाग म्हणता आहात, त्यातले पिस्टन, रिंगा आणि स्लीव्ह १९७१ चे नाहीतच. गाडी पंधरा वर्षांची असताना अण्णांनी ते काढून टाकले आणि त्यापुढे बत्तीस वर्षं वाडीच्या वाऱ्या केल्या. त्यांना ती गाडी परकी वाटली नाही. तेव्हा जाम झालेला पिस्टन बदलताना जीव खालीवर करू नका. जपायचाच असेल तर ब्लॉक जपा. इंजिनाचा नंबर त्याच्यावर आहे, आरसी बुकात तोच लिहिलेला आहे.

तो नंबर आजच ताडून पाहा. तारेच्या ब्रशने घासू नका, रॉकेलच्या फडक्याने पुसा, वर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवा. छाप उमटेल, तो आरसीशी जुळवा. जुळला नाही तर पुढचा सगळा विचारच बदलतो, कारण मग हे इंजिनही कधीतरी बाहेरून आलेलं आहे. जुळला तर ब्लॉक मशीन शॉपला देताना बजावून सांगा की नंबरावर ग्राइंडर, पॉलिश काही फिरवायचं नाही. हौसेने चकाचक करून दिलेला आणि नंबर उडालेला ब्लॉक मी पाहिला आहे. मालक आरटीओच्या पायऱ्या झिजवत होते.

आता मिस्त्रींच्या निकालाकडे येऊ. मिस्त्री खोटं बोलतायत असं मला अजिबात वाटत नाही. पण ‘गेलंय’ हे माप नव्हे. मी आयुष्यभर मशीन शॉपमध्ये काढलं. तिथे कुणी ‘बोअर गेलाय’ म्हणालं की आमचा एकच प्रश्न असे, किती? डायल बोअर गेज सिलिंडरमध्ये उतरवायचा, वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी एकदा आडवं आणि एकदा उभं वाचन घ्यायचं. चार सिलिंडरांची चोवीस वाचनं. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. वरच्या आणि खालच्या मापात, किंवा आडव्या-उभ्यात, साधारण ०.१५ मिमीच्या पुढे फरक गेला की बोअरला काम निघालं असं धरतात. गेज नसेल तर निदान नख फिरवून बघा. सिलिंडरच्या अगदी वरच्या काठाशी, जिथे वरची रिंग कधी पोचत नाही, तिथे एक कंगोरा लागतो. नख त्याला अडखळलं तर घासणूक आहे, आणि जितकं जोरात अडखळलं तितकी जास्त. गंजाचंही तसंच. काही गंज होनिंगच्या, म्हणजे बोअर आतून घासण्याच्या, दगडाखाली निघून जातो, काही खड्डे पाडून बसलेला असतो. डोळ्याला दोन्ही सारखेच भयंकर दिसतात.

म्हणून माझं पहिलं सांगणं: दुरुस्ती की बदली, हा प्रश्न अख्ख्या इंजिनाला विचारू नका. एकेका भागाला विचारा. उत्तरं वेगवेगळी येतील, आणि तीच बरोबर असतील.

ब्लॉकाचं सांगून झालं. स्लीव्ह काढल्यावर आतलं पाण्याचं जॅकेट, म्हणजे सिलिंडरभोवतीची पाण्याची पोकळी, साफ करून घ्या, त्यात पन्नास वर्षांचा गाळ बसलेला असतो. मग तडा तपासायचा. साधा जुना उपाय आहे: संशयाच्या जागी रॉकेल लावायचं, थोड्या वेळाने कोरडं पुसायचं, वर खडूची पूड भुरभुरायची. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. बारीक तड्याला हा उपाय पुरत नाही, त्यासाठी प्रेशर टेस्ट करणारा गाठावा. पण पहिल्या चाळणीला रॉकेल-खडू पुरेसं आहे.

हेडचं प्रकरण मात्र खरं अवघड आहे, आणि माझ्या मते तुमचा पैसा इथे लागेल. या गाडीचा ब्लॉक बिडाचा, पण हेड ॲल्युमिनियमचं. साधं नळाचं पाणी घालून वर्षानुवर्षं चालवलं की पाण्याच्या भोकांभोवती ॲल्युमिनियम खाल्लं जातं. तुम्ही लिहिलेले खड्डे तेच. खड्डा गॅस्केटच्या, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधल्या सीलच्या, पत्र्याच्या कडेपर्यंत पोचला नसेल तर हेड फेसिंग करून, म्हणजे त्याचं तोंड मशीनवर सपाट कापून, भागतं. पोचला असेल तर आर्गन वेल्डिंगने भरून मग फेसिंग. चांगला वेल्डर हवा, हेड आधी सगळीकडून नीट तापवून मग भरणारा. घाईत भरलेलं हेड वाकतं. सरळ पट्टी आडवी ठेवून खालून फीलर गेजच्या, म्हणजे ठरावीक जाडीच्या, पातळ पट्ट्या सरकवल्या की वाक कळतो. फेसिंगलाही अंत आहे. दर वेळी थोडं हेड कमी होतं, कॉम्प्रेशन वाढतं, आणि आधी दोन-तीनदा झालं असेल तर पुढे वाव उरत नाही. अशा वेळी दुसरं हेड शोधण्यात काही कमीपणा नाही. तुमच्या गाडीचं १०८९ सीसीचं इंजिन पुढे प्रीमियर प्रेसिडेंटला आणि १९७४ पासून पद्मिनीला जवळपास तसंच चालत राहिलं, म्हणून भाग अजून मिळतात. फक्त आणलेलं हेड तुमच्या गॅस्केटवर ठेवून भोकं ताडून बघा, मगच पैसे द्या.

हेडचं काम निघालंच आहे तर व्हॉल्व्हच्या सीट, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना ज्यावर टेकतात त्या कडा, कडक धातूच्या बसवून घ्या. तुमची गाडी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असायचं, आणि त्याचा थर व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये गादीसारखा काम करायचा. २००० साली आपल्याकडे शिशाचं पेट्रोल बंद झालं. जुन्या मऊ सीट त्यानंतर लवकर खोल जातात.

क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणारा खालचा दांडा, अजून कुणी पाहिलेलाच नाही, तरी सव्वा लाखाचा आकडा सांगून झालाय! वहीत १९८६ ला ‘ठीक’ असल्याची नोंद आहे. म्हणजे कदाचित तो अजून स्टँडर्ड मापाचा असेल, तसा निघाला तर नशीब. मायक्रोमीटर लावून बघा. ग्राइंडिंग लागलंच तर एक नियम पाळा: आधी त्या अंडरसाइझची, म्हणजे घासून कमी होणाऱ्या मापाची, बेअरिंग हातात घ्या, मग क्रँक मशीनवर चढवा. पिस्टनचंही तेच. आधी बोअर कापून मोकळं व्हायचं आणि मग त्या मापाचे पिस्टन पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याला दुकानोदुकानी शोधत फिरायचं, ही जुन्या गाड्यांच्या मालकांची ठरलेली यात्रा आहे. तुम्ही ती टाळा.

बाकी लहान भागांवर भावना खर्च करू नका. रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, टायमिंग चेन, वॉटर पंपाचं सील, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट, सगळं नवीन. पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा डायफ्रामही नवीन, आणि तोही इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा मागून घ्या. आता पंपावर मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगतं, चिरतं.

आता भंगार बाजारातल्या ‘चालू’ इंजिनाबद्दल. पस्तीस हजारांचा मोह मला कळतो. मीही एकदा त्याला बळी पडलो आहे. दुकानदाराने माझ्यासमोर फरशीवर ठेवून इंजिन सुरू करून दाखवलं, आवाज लोण्यासारखा. चारशे किलोमीटरवर ते आतून ठोकायला लागलं. संप, म्हणजे खालचं ऑइलचं भांडं, उतरवला तर आत मधासारखं घट्ट ऑइल आणि बेअरिंगच्या पत्र्याची चमचम. फरशीवर दहा मिनिटं कुठलंही इंजिन गोड वाजतं हो. बाजारातल्या पुष्कळशा पद्मिनी इंजिनांनी मुंबईत टॅक्सी ओढलेली असते. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. त्यातल्या अनेकांनी शेवटची वर्षं सीएनजीवर काढली, आणि सीएनजी व्हॉल्व्हच्या सीटला फार कोरडं पडतं. म्हणजे ते इंजिनही उघडावंच लागेल. मग पस्तीस हजारांत पडलं असं कसं म्हणायचं?

शिवाय कागद. इंजिन बदललं की नंबर बदलतो, तो आरसीवर चढवावा लागतो, त्यासाठी त्या इंजिनाची पावती आणि ते कुठल्या गाडीतून निघालं याचा माग हवा. भंगारवाला पावती देत नसेल तर तिथूनच परत फिरा.

याचा अर्थ त्या इंजिनाचा उपयोगच नाही असं नाही. तुमचं हेड खरोखर कामातून गेलं आणि क्रँकही वाकडा निघाला, तर ते इंजिन भागांसाठी घ्या. हेड, क्रँक, मॅनिफोल्ड, वॉटर पंपाची बॉडी त्यातली, ब्लॉक तुमचा. दुरुस्ती आणि बदली यांच्या मधली ही वाट मिस्त्री सहसा सुचवत नाहीत, कारण त्यात उघडाउघडीचे श्रम दुप्पट. पण तुमच्यासाठी मला ती बरी वाटते.

कुणीतरी तुम्हाला आधुनिक इंजिन बसवा असंही सुचवेलच. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या खासगी गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळू शकते, पण गाडी मूळ रूपात हवी; चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. दुसरं इंजिन बसवलंत की तो रस्ता बंद. अर्थात तो रस्ता तुम्हाला हवाच का, हेही विचारा. व्हिंटेज नोंदणीची गाडी नियमित वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कारणांपुरतीच. दर पौर्णिमेला वाडीला जायचं असेल तर नेहमीच्या नोंदणीचं नूतनीकरण करत राहणंच सोयीचं.

आणि इथेच मला तुम्हाला विचारायचं आहे. खरंच दर पौर्णिमेला जाणार आहात का? पत्रात तुम्ही लिहिलंय, ‘अण्णा जायचे’. तुम्ही जाणार असं कुठेच लिहिलेलं नाही. तुम्हाला स्टिअरिंगवरचा गिअर टाकता येतो का, पॉवर ब्रेक नसलेल्या गाडीत पायाला किती जोर लागतो ते आठवतं का, हेही नाही. टोमणा मारत नाही. गाडी महिन्याला दोनदा पन्नास किलोमीटर धावणार असेल तर पूर्ण काम करण्यात अर्थ आहे. गणपतीत दारासमोर उभी करायची आणि वर्षातून एकदा लग्नात फिरवायची असेल, तर सगळं एकदम करू नका, टप्प्याने करा. नुसत्या उभ्या इंजिनाला घासणूक मारत नाही, गंज मारतो. उत्तम बांधलेलं इंजिन दोन पावसाळे तसंच ठेवलंत तर पुन्हा याच जागी याल, पैसे संपलेले असतील एवढाच फरक. महिन्यातून एकदा तरी अर्धा तास रस्त्यावर नेऊन पूर्ण गरम करणार कोण, हे आधी ठरवा. पाच मिनिटं जागेवर चालू ठेवून बंद करण्याने उलट आत पाणी साचतं.

भावाच्या म्हणण्याकडे मी दुर्लक्ष करत नाही. पण उघडं इंजिन आणि जाम पिस्टन या अवस्थेत विकलीत तर भंगाराच्या भावाच्या आसपासच जाईल. विकायचीच असेल तर निदान मापं घेऊन, भाग पिशव्यांत भरून, चिठ्ठ्या लावून, अण्णांच्या वहीसकट विका. वहीमुळे भाव वाढतो, खोटं नाही सांगत.

एक गोष्ट मात्र तुम्ही आणि मिस्त्री दोघांनीही बाजूला ठेवली आहे. पूर. अर्धं चाक बुडेल एवढं पाणी म्हणजे ब्रेकच्या ड्रममध्ये पाणी, बेअरिंगमध्ये पाणी, मागच्या डिफरन्शियलमध्ये आणि कदाचित गिअरबॉक्समध्येही. कृष्णेचा गाळ किती बारीक असतो ते सांगलीकरांना मी काय सांगणार! इंजिनावर एक रुपया घालण्याआधी गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे ड्रेन बोल्ट सैल करा. ऑइलच्या आधी पाणी ठिबकलं, किंवा ऑइल चहासारखं दुधाळ निघालं, तर तिकडेही काम आहे. मागचे ड्रम उतरवून व्हील सिलिंडर पाहा, मास्टर सिलिंडर पाहा. माझ्या हिशेबात ब्रेक पहिले, रेडिएटर दुसरा आणि इंजिन तिसरं. रेडिएटर तुंबलेला तसाच ठेवून हेड नीट केलं तर पुढच्याच घाटात हेड परत वाकेल. मग दोष मशीन शॉपला जाईल.

ज्यांच्या गाड्या अशाच उभ्या आहेत पण इंजिन अजून उघडलेलं नाही, त्यांच्यासाठी एक सूचना. स्टार्टर मारून बघू नका, धक्काही नको. प्लग काढा, प्रत्येक भोकात पातळ ऑइल सोडा, दोन-चार दिवस थांबा आणि मग हाताने फिरवून बघा. फिरलं तर कॉम्प्रेशन टेस्ट घ्या, एकदा कोरडी आणि एकदा चमचाभर इंजिन ऑइल टाकून. ऑइलने आकडा चढला तर रिंगा आणि बोअर, नाही चढला तर व्हॉल्व्ह. हेड उतरवायची वेळ त्यानंतरची.

मिस्त्री तुमच्या यजमानांशी बोलतात, त्यावर. भांडू नका, वही न्या. अण्णांचीच, पुढचं कोरं पान उघडून. ‘काका, पहिल्या सिलिंडरचं वरचं माप किती?’ असं विचारून लिहून घ्यायला लागलात की ते आपोआप तुमच्याकडे वळतील. जो माप लिहून घेतो त्याच्याशीच मिस्त्री बोलतो, हे मी चाळीस वर्षं पाहिलंय. मापं सांगायला त्यांनी टाळाटाळ केली तर ब्लॉक, हेड आणि क्रँक उचलून कुपवाडच्या नाहीतर कोल्हापूरच्या मशीन शॉपला नुसतं मापायला न्या. मापायचे पैसे सव्वा लाखापुढे किरकोळ असतात, आणि त्यानंतर येणारा आकडा खरा असतो.

तोवर एवढं आजच करा. उघड्या बोअरमध्ये बोटाने इंजिन ऑइल फासा, वर स्वच्छ सुती फडकं आणि त्यावर पुठ्ठा ठेवा. प्लास्टिक नको, आत घाम धरतं. काढलेले पुशरॉड आणि व्हॉल्व्ह ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पुठ्ठ्यात भोकं पाडून खोचून ठेवा. शेडमध्ये कुणा भंगारवाल्याला येऊ देऊ नका, असं आईंना सांगून ठेवा. शेड मोकळी करायची घाई त्यांना आहे.

मापं आली की कळवा. चोवीसच्या चोवीस.